राहून गेलेल्या अभिजात कादंबऱ्या : निश्चय कसा करावा आणि तडीस कसा न्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांना वाचनाची आवड आहे. कथा, चरित्रे, वैचारिक लेखन ते नियमित वाचतात. परंतु टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’, व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझेराब्ल’, हर्मन मेल्व्हिलची ‘मोबी डिक’ आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही चार पुस्तके त्यांच्या कपाटात वर्षानुवर्षे न वाचता राहिली आहेत. दर वर्षी ती वाचून काढण्याचा निश्चय होतो, वाचन पन्नास-साठ पानांपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. या वेळी तसे होऊ नये म्हणून काय करावे, सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी आणि हा आपल्या चिकाटीचा दोष आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी अनेक वर्षे कादंबरी शिकवत आले आहे आणि प्रौढ वाचकांच्या गटांबरोबर मोठ्या कादंबऱ्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आले आहे. त्या अनुभवावरून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. चिकाटीचा संबंध इथे फार थोडा आहे. ज्यांना नोकरी, घर, आजारपणे आणि मुलांची शिक्षणे निभावून नेता येतात, त्यांच्याकडे एक कादंबरी संपवण्यापुरती चिकाटी नक्कीच असते. अडचण असते ती निश्चय ज्या रीतीने केला जातो त्यात, आणि ज्या वेगाने ही पुस्तके वाचायची असे आपण मनाशी धरलेले असते त्यात.

पहिली गोष्ट निश्चयाविषयी. ‘यंदा राहिलेल्या सगळ्या अभिजात कादंबऱ्या वाचायच्या’ हा संकल्प ऐकायला मोठा वाटतो, पण त्यात आज संध्याकाळी नेमके काय करायचे ते सांगितलेले नसते. शिवाय यादी डोळ्यांसमोर असली की हातातले पुस्तक हे त्या यादीतले पहिले ओझे ठरते. वाचणाऱ्याचे लक्ष पानावर राहण्याऐवजी अजून किती उरले याच्या हिशेबात अडकते. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की यादी बाजूला ठेवावी आणि निश्चय एकाच पुस्तकाचा करावा. तोही इतका नेमका असावा की त्यात कादंबरीचे नाव, तिची आवृत्ती आणि दिवसातली वेळ ठरलेली असेल. उरलेली पुस्तके या काळात नजरेआड ठेवली तरी चालतील. ती पुस्तके आतापर्यंत थांबली आहेत, आणखी काही महिने थांबतील.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक मोठ्या कादंबऱ्या आज आपल्या हातात जाड ग्रंथ म्हणून येतात, पण त्यांच्या पहिल्या वाचकांपुढे त्या तशा आल्या नव्हत्या. डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात दरमहा एका पातळ अंकाने प्रसिद्ध होत होती आणि त्या अंकात मजकुराची सुमारे बत्तीस पाने असत. जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या काळात आठ भागांत आली. ‘युद्ध आणि शांती’चे सुरुवातीचे भाग १८६५ पासून ‘रूस्की वेस्तनिक’ या मासिकात ‘१८०५’ या नावाने छापले गेले आणि संपूर्ण कादंबरी पुस्तकरूपाने १८६९ मध्ये पूर्ण झाली. त्याच मासिकात दस्तयेवस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ १८६६ मध्ये आणि ‘करामाझव बंधू’ जानेवारी १८७९ ते नोव्हेंबर १८८० या काळात क्रमशः आली. आपल्याकडे हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातूनच वाचकांसमोर आली.

याचा अर्थ असा, की ज्या वाचकांसाठी ही पुस्तके लिहिली गेली त्यांनी ती वाचायला वर्ष-दीड वर्ष घेतले होते, आणि ते काही मंदगती वाचक नव्हते. लेखकही त्याच गतीचा विचार करून लिहीत होता. एक अंक संपताना कथा अशा जागी आणून ठेवायची की पुढच्या अंकापर्यंत वाचकाच्या मनात ती चालू राहील. महिनाभराने पुन्हा भेटणारे पात्र लगेच ओळखू यावे म्हणून त्याची एखादी लकब, एखादे पालुपद परत परत आणायचे. आधीच्या घटनेची आठवण संवादातून हळूच करून द्यायची. असे लेखन एका बैठकीत शंभर पाने या गतीने वाचले, तर ती पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते आणि जिथे लेखकाने थांबायला सांगितले होते तिथे आपण न थांबता पुढे गेल्यामुळे त्या जागेचा परिणामही हरवतो. वाचकाला वाटते की कादंबरी संथ आहे. वास्तविक ती चुकीच्या वेगाने वाचली जात असते.

प्रकरणांची संख्या पाहिली तर हे अधिक स्पष्ट होईल. ‘युद्ध आणि शांती’त ३६१ प्रकरणे आहेत आणि त्यांतली बहुतेक तीन-चार पानांची आहेत. रोज एक प्रकरण वाचले तरी वर्षाच्या आत ती संपते, आणि रोज दोन वाचली तर सहा महिने लागतात. ‘ले मिझेराब्ल’ची प्रकरणे ३६५ आहेत. ‘ब्लीक हाउस’ची ६७ आहेत, ती प्रकरणे मोठी असली तरी रोज एक या गतीने कादंबरी दोन-सव्वादोन महिन्यांत हातावेगळी होते. हजार-बाराशे पानांचा आकडा पाहून जी धास्ती वाटते, ती अर्ध्या-पाऊण तासाच्या या हिशेबापुढे पुष्कळच उतरते. मी वाचकांना रोज किमान एक प्रकरण असा नेम सांगते. वरची मर्यादा मी घालत नाही, पण थांबायचे ते प्रकरणाच्या शेवटी, मध्येच नाही, हे मात्र आग्रहाने सांगते. पानांचा नेम मला तितकासा पसंत नाही, कारण पान संपते तिथे काहीच संपलेले नसते आणि दुसऱ्या दिवशी वाक्याच्या मध्यावरून सुरुवात करावी लागते.

आता पन्नास-साठ पानांवर वाचन का थांबते, ते पाहू. प्रश्नकर्त्यांच्या यादीतल्या तीन परभाषी कादंबऱ्यांपुरते बोलायचे, तर याचे कारण त्या पुस्तकांच्या रचनेतच दाखवता येते. ‘ले मिझेराब्ल’ ही ज्याँ वालज्याँची कथा म्हणून सर्वांना ऐकून माहीत असते, परंतु पहिल्या भागातली पहिली चौदा प्रकरणे एका वृद्ध बिशपविषयी आहेत. त्याचे घर, त्याचा खर्च, त्याच्या भेटीगाठी यांचे सावकाश वर्णन त्यात आहे, आणि वालज्याँ गावात शिरतो तो त्यानंतर. ‘मोबी डिक’मध्ये मूळ कथेच्या आधी देवमाशाविषयीच्या अवतरणांची लांबलचक मालिका आहे; जहाज बंदर सोडते ते बाविसाव्या प्रकरणात आणि कप्तान एहॅब पहिल्यांदा डेकवर दिसतो तो अठ्ठाविसाव्यात. ‘युद्ध आणि शांती’ जुलै १८०५ मधल्या पीटर्सबर्गच्या एका उच्चभ्रू संध्याकाळी सुरू होते, संभाषणात फ्रेंच वाक्ये येतात, काही पानांतच डझनावारी माणसे समोर येतात, आणि सैन्याबरोबर आपण रणभूमीकडे निघतो ते पहिल्या खंडाचा पंचवीस प्रकरणांचा पहिला भाग संपल्यावर. पन्नास-साठ पानांवर पुस्तक मिटणाऱ्या वाचकाने ही कादंबरी वाचायला घेतली आणि ती आवडली नाही, असे म्हणताच येत नाही. ज्यासाठी ती वाचायची, ते अजून त्याच्यासमोर आलेलेच नसते.

यावर माझा उपाय वर सांगितलेल्या संथ गतीच्या थोडा उलट आहे, पण तो फक्त सुरुवातीपुरता. मोठी कादंबरी अशा दिवशी सुरू करावी की लागोपाठ दोन-तीन दिवस रोज दीड-दोन तास हाताशी असतील, आणि त्या दिवसांत पहिली शंभर-सव्वाशे पाने ओलांडावीत. सुरुवातीची पाने रोज तीन-चार या हिशेबाने वाचली तर दर वेळी नावे नव्याने ओळखावी लागतात, आणि ते श्रम इतके होतात की कथेचा आनंद मिळण्याआधीच उत्साह संपतो. माणसे ओळखीची झाली, कोण कोणाचे कोण हे न आठवता कळू लागले, की मग रोजच्या एका प्रकरणाची गती आपोआप पुरेशी वाटू लागते. त्या पहिल्या शंभर पानांत सगळे कळलेच पाहिजे हा हट्टही सोडावा. टॉलस्टॉय महत्त्वाच्या माणसांना पुनःपुन्हा समोर आणतो आणि बिनमहत्त्वाची माणसे दूर होत जातात. कोणाकडे लक्ष द्यायचे हे वाचकाने पहिल्याच रात्री ठरवण्याची गरज नसते.

नावांच्या बाबतीत एक साधन मात्र फार उपयोगी पडते, आणि ते म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेली पात्रांची यादी. बऱ्याच आवृत्त्यांत सुरुवातीला छापील यादी असते, तरी मी ती पुरेशी मानत नाही, कारण लिहिताना जे लक्षात राहते ते नुसते पाहताना राहत नाही. रशियन कादंबऱ्यांत एकाच माणसाला तीन-चार नावांनी हाक मारली जाते. नाव आणि त्याला जोडलेले वडिलांच्या नावावरून आलेले रूप हे आदराचे संबोधन असते, आडनाव त्रयस्थपणे वापरले जाते, आणि घरातली माणसे लाडाचे नाव वापरतात. ‘गुन्हा आणि शिक्षा’मधला रोदिओन रोमानोविच, रास्कोलनिकोव आणि रोद्या हा एकच तरुण आहे, ‘करामाझव बंधू’मधला अलेक्सेय फ्योदरोविच आणि अल्योशा हाही एकच. एका माणसाची सगळी नावे एका ओळीत लिहून तो कागद पुस्तकात ठेवावा. आठवड्याभरात त्या कागदाकडे पाहणे कमी होते. नंतर नंतर कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो यावरून त्यांच्यातला जिव्हाळा आणि दुरावा वाचता येऊ लागतो, आणि जी अडचण वाटत होती तिच्यातून लेखक काय साधतो ते दिसते.

दुसरी घसरणीची जागा याहून अधिक वाचकांचा बळी घेते, पण तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. वाचन चांगले दोनशे पानांपर्यंत गेलेले असते, मग प्रवास, आजारपण, घरातले कार्य किंवा कामाचा ताण यामुळे दोन-तीन आठवडे खंड पडतो. परत पुस्तक हाती घेतल्यावर आठवत नाही असे वाटते आणि प्रामाणिक वाचक म्हणतो की आता पहिल्यापासून वाचू. हा निर्णय जवळजवळ नेहमी घातक ठरतो. पहिली पाने दुसऱ्यांदा वाचताना त्यांत नवे काही नसते, पण ती वगळण्याइतका विश्वासही वाटत नाही. पन्नास-साठ पानांवर पुन्हा थकवा येतो आणि पुस्तक परत कपाटात जाते. काही वर्षांनी असे होते की त्या कादंबरीची पहिली साठ पाने चार-पाच वेळा वाचून झालेली असतात आणि उरलेली एकदाही नाहीत. प्रश्नकर्त्यांचे वर्णन वाचून त्यांच्या बाबतीतही निदान एका पुस्तकाचे हेच झाले असावे असे मला वाटते.

खंड पडल्यावर कधीही पहिल्यापासून सुरू करू नये. शेवटी वाचलेली दोन प्रकरणे पुन्हा वाचावीत आणि तिथून पुढे जावे. जे आठवत नाही ते बहुधा पुढच्या वीस-तीस पानांत कथाच आठवून देते, कारण मासिकाच्या दोन अंकांमध्ये इतका काळ जाणार हे लेखकाने गृहीत धरलेले असते. या कामी आणखी एक सवय मदत करते. प्रत्येक प्रकरण संपले की त्यात काय घडले ते एका ओळीत लिहावे. ती ओळ सुंदर असण्याची, तिच्यात मत असण्याची गरज नाही. ‘पिएर भेटीला गेला, म्हाताऱ्याने ओळख दिली नाही’ इतके पुरे. खंडानंतर या ओळी पाच मिनिटांत वाचून होतात आणि मागची दोनशे पाने परत उभी राहतात. माझ्या गटांतल्या ज्या वाचकांनी हे मनापासून केले, त्यांच्यापैकी मध्येच पुस्तक सोडणारे फार थोडे निघाले.

तिसरी जागा विषयांतराची. या थोर कादंबऱ्यांत कथा थांबवून लेखक दुसरेच काही बोलू लागतो, आणि ते वाचावे की वगळावे असे मला सतत विचारले जाते. मी यात कोणताही एक नियम सांगत नाही, कारण प्रत्येक पुस्तकात विषयांतराचे काम वेगळे असते.

‘ले मिझेराब्ल’च्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला वॉटर्लूच्या लढाईवर एकोणीस प्रकरणे आहेत. ज्यांना युद्धाच्या वर्णनात रस नाही त्यांनी ती भराभर नजरेखालून घातली तरी कथेचे नुकसान होत नाही. मात्र एकोणिसावे प्रकरण शब्दन् शब्द वाचले पाहिजे, कारण लढाई संपल्यानंतरच्या त्या रात्री प्रेतांमध्ये फिरणारा एक माणूस जे करतो त्यावर पुढच्या कथेतला एक महत्त्वाचा धागा उभा आहे. विषयांतर म्हणून सगळी एकोणीस प्रकरणे ओलांडणारा वाचक पुढे मारियसच्या वडिलांच्या गोष्टीपाशी अडखळतो. ‘मोबी डिक’चे उलट आहे. तिच्या बत्तिसाव्या प्रकरणात देवमाशांच्या जातींचे वर्गीकरण येते आणि पुढेही देवमाशाची कातडी, चरबी, डोके, शेपूट यांवर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. ती वगळून कथा समजते, यात शंका नाही. पण शेवटच्या तीन प्रकरणांत तीन दिवसांचा जो पाठलाग आहे, त्यातला देवमासा केवढा आहे आणि माणसे कशाच्या मागे लागली आहेत, हे अंगावर येते ते आधीच्या त्या शुष्क वाटणाऱ्या माहितीमुळेच. म्हणून तिथे मी वगळू नका असे सांगते. रोज एकच प्रकरण घ्या, ती लहान आहेत, असे सांगते.

टॉलस्टॉयच्या बाबतीत तर लेखकाची स्वतःची साक्ष आहे. इतिहास कोण घडवतो, सेनापतीच्या आज्ञेला खरोखर किती अर्थ असतो, या विषयांवरची त्याची चिंतनपर प्रकरणे कादंबरीच्या उत्तरार्धात वाढत जातात आणि उपसंहाराचा दुसरा भाग तर पूर्णपणे निबंधच आहे. १८७३ च्या आवृत्तीत टॉलस्टॉयने फ्रेंच संवाद रशियन भाषेत आणले आणि ही चिंतनाची प्रकरणे कथेतून काढून शेवटी परिशिष्टात ठेवली होती. पुढे ती परत आपापल्या जागी आली. ज्या प्रकरणांची जागा ठरवताना लेखकाचेच मन असे बदलत होते, ती पहिल्या वाचनात कोणी मागे ठेवली तर त्याला मी दोष देणार नाही. सर्व्हान्तेसने तर हा प्रश्न कादंबरीतच आणला आहे. ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ मध्ये आणि दुसरा १६१५ मध्ये आला, दुसऱ्या भागातल्या पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे, आणि त्यात मध्येच घातलेली स्वतंत्र गोष्ट अनेकांना अप्रस्तुत वाटली, अशी तक्रार एक पात्र बोलून दाखवते. चारशे वर्षांपूर्वीचे वाचकही याच जागी चुळबुळ करत होते, हे कळल्यावर आजच्या वाचकाला स्वतःविषयी वाटणारी शंका बरीच कमी व्हावी.

या कारणांमुळे संक्षिप्त आवृत्त्यांना माझा विरोध आहे. काय वगळायचे ते वाचकाने स्वतः, पान समोर असताना ठरवले तर त्याला परत फिरून वाचता येते. दुसऱ्याने आधीच कापलेल्या पुस्तकात काय नव्हते हे त्याला कधीच कळत नाही. विकत घेताना किंवा ग्रंथालयातून आणताना आवृत्ती संपूर्ण आहे का, हे अवश्य पाहावे. अनुवादांच्या बाबतीत मुखपृष्ठावर ते नेहमी स्पष्ट लिहिलेले नसते. प्रकरणांची संख्या मोजली की लगेच उलगडा होतो.

अनुवाद निवडण्याची माझी पद्धत साधी आहे. दोन-तीन अनुवाद मिळत असतील तर प्रत्येकाचे पहिले प्रकरण आणि मधले एखादे संवादांनी भरलेले प्रकरण मोठ्याने वाचून पाहावे. ज्यातली माणसे कृत्रिम बोलत नाहीत असे कानाला वाटते, तो घ्यावा. सर्वांत नवा म्हणून किंवा मुळाशी सर्वांत प्रामाणिक अशी ख्याती म्हणून घेतलेला अनुवाद जर जिभेवर अडखळत असेल, तर तीन महिने त्याच्या संगतीत काढता येत नाहीत. मराठी आणि इंग्रजी दोन्ही अनुवाद हाताशी असतील तर जी भाषा वाचताना दमायला होत नाही ती निवडावी. परभाषेत वाचल्याने अधिक मोठे वाचन घडते, अशी समजूत काही वाचकांत असते. तिला आधार नाही. अक्षराचा आकारही पाहावा. बारीक टायपातले एकखंडी पुस्तक आणि मोठ्या टायपातले दोन खंडांतले पुस्तक यांत मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. प्रस्तावना मात्र कादंबरी संपल्यावरच वाचावी, कारण विद्वान प्रस्तावनाकार शेवट माहीत आहे असे धरून लिहितात.

कथेचा सारांश आधी वाचला तर चालेल का, चित्रपट आधी पाहिला तर चालेल का, असेही विचारले जाते. शेवट कळल्याने थोर कादंबरीचे फारसे बिघडत नाही, परंतु चित्रपटातले चेहरे मनात इतके पक्के बसतात की लेखकाने केलेले वर्णन नंतर दिसेनासे होते, म्हणून तो नंतर पाहावा. ध्वनिपुस्तकाला माझी हरकत नाही. डिकन्स स्वतः आपल्या लेखनाचे जाहीर वाचन करत असे आणि १८५८ पासून त्याने ते व्यवसाय म्हणूनही केले, तेव्हा त्याची कादंबरी ऐकणे हे तिच्या स्वभावाला धरूनच आहे. फक्त नावांचा गोंधळ होणारी सुरुवात डोळ्यांनी वाचावी आणि मग ऐकण्याकडे वळावे.

कादंबरी सोडून देण्याचा अधिकार वाचकाला आहे का? आहे, आणि तो मोकळेपणाने वापरावा, पण एका अटीवर. पुस्तकाचा एक तृतीयांश भाग वाचून झाला पाहिजे. त्या टप्प्यावर स्वतःला विचारावे की मला हे कळत नाही, की हे कळते आहे पण नको आहे. कळत नसेल तर बहुधा अनुवाद, वेळ किंवा वेग बदलून पाहण्यासारखे असते. कळत असून नको असेल, तर पुस्तक ठामपणे परत करावे, कोणाला तरी द्यावे, आणि ‘वाचायचे राहिले’ या खात्यातून ते काढून टाकावे. अर्धवट ठेवलेले पुस्तक कपाटातून जो दबाव टाकते, तो दुसऱ्या पुस्तकाच्या वाचनावरही पडतो. काही पुस्तके विशिष्ट वयात आपली होतात, आणि काही कधीच होत नाहीत. त्यात पुस्तकाचा किंवा वाचकाचा अपमान नाही. १९२२ मध्ये आलेली जॉइसची ‘युलिसिस’ किंवा १९१३ ते १९२७ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झालेली प्रूस्तची दीर्घ कादंबरी यांच्यापासून कोणीही सुरुवात करू नये, इतकेच मी या संदर्भात निक्षून सांगेन. कादंबरी कशी वाचायची याची सवय झाल्यावर ती पुस्तके आपोआप वेगळी दिसू लागतात.

एखादा सोबती मिळाला तर फार चांगले. मोठा गट नको. एकच माणूस, तेच पुस्तक, साधारण तीच गती, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास बोलणे एवढे पुरे होते. बोलण्यासाठी विषय शोधावा लागत नाही. ‘ती त्याला खरे का सांगत नाही?’ असा एक प्रश्न पुष्कळ असतो. लेखकाचा काळ, विचारसरणी, समीक्षकांची मते यांची चर्चा पहिल्या वाचनात सुरू झाली की माणसे पुस्तकापासून दूर जाऊ लागतात, असे मी वारंवार पाहिले आहे.

आता प्रश्नकर्त्यांच्या चार पुस्तकांचा क्रम. पहिली ‘पण लक्षात कोण घेतो’ घ्यावी. तिच्यात अनुवादाचा पडदा नाही, यमुना स्वतःच्या तोंडाने आपल्या बालपणापासूनची हकीकत सांगते, त्यामुळे नावांच्या गर्दीत हरवण्याची भीती नाही, आणि साप्ताहिकातून येणारी कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचण्याचा सराव तिच्यावर उत्तम होतो. तिची भाषा सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची असली तरी बोलणारीची आहे, आणि पहिल्या काही प्रकरणांतच कानाला तिची लय सापडते. त्यानंतर ‘ले मिझेराब्ल’ घ्यावी, कारण विषयांतरे असूनही तिची कथा अतिशय बळकट आहे आणि बिशपची चौदा प्रकरणे ओलांडल्यावर ती वाचकाला सहसा सोडत नाही. खरे तर ती चौदा प्रकरणेही घाईने ओलांडण्यासारखी नाहीत. वालज्याँला पुढे आयुष्यभर ज्या माणसाची आठवण वागवायची आहे, तो माणूस आपणही नीट पाहिलेला असावा, म्हणून ह्यूगोने ती लिहिली आहेत.

तिसरी ‘युद्ध आणि शांती’. ती सुट्टीच्या चार दिवसांत सुरू करावी, पहिला भाग त्या दिवसांत संपवावा, आणि मग रोज दोन प्रकरणांच्या गतीने सहा महिने तिच्यासाठी राखून ठेवावेत. ‘मोबी डिक’ शेवटी, आणि तीही या तिन्हींमुळे विषयांतराची भीती गेल्यावर. दोन मोठ्या कादंबऱ्यांच्या मध्ये तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवावे आणि त्या काळात दोन बैठकींत संपेल असे लहान पुस्तक वाचावे. विश्राम बेडेकरांची १९३९ ची ‘रणांगण’ किंवा टॉलस्टॉयचीच १८८६ ची ‘इव्हान इल्यीचचा मृत्यू’ ही त्यासाठी योग्य आहेत. या क्रमाने आणि या गतीने चारही पुस्तकांना मिळून दीड-दोन वर्षे लागतील, आणि तेवढी ती लागू द्यावीत.